शेवटच्या बाकावरचे गुरुजी

बाबा,

काल साताऱ्याच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रविवार होता. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही, म्हणून मंडळीनं शेवटच्या बाकावरची तुमची जागा रिकामी ठेवली होती. मनुकांच्या रसाचा प्याला पुरुषांच्या रांगा करत तिथवर आला आणि पाळकसाहेब त्या रिकाम्या जागेपुढं मान झुकवून उभे राहिले. बायकांच्या बाजूला सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. मी लावला नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडता येत नाही. ते तुमच्याकडूनच आलंय माझ्यात.

उपासनेनंतर तुमच्याविषयी बोलायला बरेच जण उठले. जो उठला त्यानं तुम्हाला नम्र म्हटलं. एकजण तर म्हणाला, "गुरुजींनी पहिलं बाक सोडून आपणहून शेवटचं धरलं, यातच सगळं आलं." मला उभं राहून सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, त्यात काहीच आलेलं नाही. पण मी तुमची एकुलती एक मुलगी, सांगलीहून पाहुणी म्हणून आलेली. गेलेल्या बापाचा पाणउतारा भर मंडळीत कोण करतं? म्हणून आता तुमच्याशीच बोलते. आपला वाद अर्धा राहिलाय, आणि या वेळी तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही.

तुम्ही गर्वावर बोलणार असं कळलं की कोरेगावहून माणसं गाड्या जुंपून यायची. माझ्या लहानपणी मला वाटायचं, पवित्र शास्त्रात गर्वाखेरीज दुसरं पापच नसावं. शाळेत पहिला नंबर आला म्हणून मी अंगणात मिरवत होते, तर तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "नबुखद्नेस्सर राजा असाच आपल्या गच्चीवर मिरवत होता. मग देवानं त्याला बैलासारखं गवत खायला लावलं. बघ, कुंपणापाशी हिरवं आहे थोडं." आणि मी खरंच कुंपणाकडे पाहिलं. तुम्ही हसलात, मला उचलून घेतलंत आणि पेढ्याचा पुडा खिशातून काढलात. तो पुडा तुम्ही आधीच आणून ठेवला होता. असे होतात तुम्ही. पेढा द्यायचा, पण गवत दाखवून.

आणि तुमचा नामान! सुरियाचा मोठा सेनापती, अंगावर कोड. संदेष्टा त्याला भेटायला बाहेरसुद्धा येत नाही, नुसता निरोप पाठवतो की जा, यार्देनेत सात बुड्या मार. सेनापती चिडतो. इथं तुम्ही शिकलेली भाषा बाजूला ठेवून तुमच्या वडूजच्या, येरळेकाठच्या बोलीत यायचात, मिशीवर हात फिरवायचात: "आरं, त्या वगळीत मी बुडू? आन् आमची येरळा काय वाईट हाय?" लोक हसून हसून बेजार व्हायचे. ते हसत असतानाच तुमचा आवाज खाली यायचा. "त्याला पाण्यानं नाही, वाकण्यानं बरं केलं." इतक्या वेळा ऐकूनही मला दर वेळी वाटायचं, आज तरी हा नामान घरी आपल्या जेवणाच्या पाटावर येऊन बसेल.

तुम्ही काही थोडं सोडलं नव्हतंत, हे मी कधीच नाकारलं नाही. वडूजकडची पाटीलकी, जमीन, आईबाप. बाप्तिस्मा घेतलात तेव्हा घरच्यांनी तुमच्या नावानं जिवंतपणी पिंड पाडले. विशी-बाविशीचं पोर आणि एका दुपारीत त्याचं सगळं गणगोत संपलं. त्याचं दुःख तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत. दाखवलीत ती पाटीलकी. नवीन माणूस घरी आला की चहा निवायच्या आत त्याला कळायचं की गुरुजींनी प्रभूसाठी काय काय सोडलंय. आई आतून म्हणायची, "सोडली म्हणतात, पण कुठं ठेवलीय ते रोज जाऊन बघून येतात."

आईला बोलायचा हक्क होता. ती दुष्काळातली पोर. मिशनच्या गाडीनं तिला रस्त्यावरून उचलून बोर्डिंगात आणलं होतं, कुणाची, कुठली, तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही मात्र लग्नाआधीच ठरवून टाकलंत की हिचा चेहरा घराण्यातला दिसतो. आई हे मला सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. "त्यांना एक घराणं लागतंच गं. नसलं तर ते बनवून घेतात."

प्याल्याचं मला तिनंच दाखवलं. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मनुका भिजत घालून त्यांचा रस काढायचं काम तिच्याकडे असायचं. दुसऱ्या लढाईत मनुका मिळेनाशा झाल्या तेव्हा एका उन्हाळ्यात तिनं करवंदांचा रस करून दिला होता, आणि सगळी मंडळी गंभीर चेहऱ्यानं तोंड आंबट करत होती. प्याला एकच. पहिल्या बाकावरून निघायचा, पुरुषांतून फिरून मग बायकांत यायचा. पहिल्या बाकावर पहिले तुम्ही. तुम्ही मंडळीनं निवडलेले वडील, शाळेचे हेडमास्तर. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. एकदा रस गाळता गाळता आई सहज म्हणाली, "आपल्यापर्यंत येईस्तोवर प्याल्यात सगळं गाव असतं. तुझ्या बाबांच्या वाट्याला मात्र नुसता रस."

मला आधी कळलंच नाही. मग पुढच्या रविवारी मी तुमच्यामागं बसलेली माणसं पाहिली. कुणाचा बाप गावात मेलेली गुरं ओढायचा, कुणाची आई अजून झाडू घेऊन बाजारात जायची. सगळे तुमचे भाऊ. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करायचात, त्यांच्या पोरांना फुकट शिकवायचात, तापात त्यांच्या उशाशी बसायचात. त्यांच्यासाठी तुम्ही काहीही केलं असतं. फक्त त्यांचे ओठ लागलेलं तुमच्या ओठाला लावलं नसतंत.

हे मी मनात ठेवलं असतं. पण मग ह्यांचं स्थळ आलं. मी सांगलीच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि हे तिथंच सुतारशाळेत शिकवत होते. आम्ही दोघांनी ठरवलं, आणि ह्यांचे वडील याकोबतात्या रीतसर विचारायला साताऱ्याला आले. तात्या म्हसवडकडचे. पूर्वी गावकीचं काम करणारे, निरोप पोचवणारे, पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा दिलात, तब्येत विचारलीत, आणि ते गेल्यावर मला म्हणालात, "विजोड जू होईल. शिक्षणात फरक आहे. राहणीत फरक आहे." जात हा शब्द तुम्ही तोंडातून काढला नाहीत. काढला असतात तर मी कदाचित भांडले नसते.

आपण जेवत होतो. आई वाढत होती. मी म्हणाले, "बाबा, नामान पाण्यात उतरला तेव्हा आपल्याआधी त्यात कोण कोण उतरून गेलंय, हे त्यानं विचारलं नव्हतं."

आईचा हात तसाच हवेत राहिला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे. अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घ्यावं तसा तुमचा चेहरा झाला होता. मग राग आला, आणि त्याबरोबर तुमची गावची बोली. "लय शिकलीस तू. लय." भात तसाच टाकून तुम्ही उठलात. आमच्या लग्नाच्या दिवशी तुम्हाला कोरेगावच्या शाळेची तपासणी निघाली. आशीर्वादाची प्रार्थना सांगलीच्या पाळकांनी केली, आणि मी सबंध वेळ दाराकडे पाहत होते.

तुमचा नातू झाला तेव्हा मात्र तुम्ही आलात. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून इतकी सुंदर प्रार्थना केलीत की तात्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी पाणी आणलं, तर तुम्ही म्हणालात, "आज माझा प्रार्थनेचा उपास आहे." बुधवारची दुपार. तुमच्या जन्मात तुम्ही बुधवारी उपास केला नव्हतात. पाण्यालाही न शिवणारा उपास तर कुठल्याच वारी नव्हता. देवाला मध्ये घालून पाणी नाकारायची ही युक्ती फक्त आपल्यातल्या माणसालाच सुचेल. तात्यांना सगळं कळलं. पान लावता लावता ते म्हणाले, "बसा की गुरुजी निवांत. उपास सुटंस्तवर बसा. आमी हाय घरीच." तुम्ही पाचच्या गाडीनं निघालात. स्टेशनवर ह्यांनी तुमची पिशवी डब्यात ठेवली. तुम्ही "येतो" म्हणालात ते पिशवीकडे बघून.

आई गेल्यावर तुम्ही पहिलं बाक सोडलंत. साताऱ्याहून येणारा जो तो मला सांगायचा, गुरुजी आता शेवटच्या बाकावर बसतात, सगळ्यांच्या मागून घेतात. मी रात्री ह्यांना म्हणाले, "आईनं जाता जाता काहीतरी सांगितलं असणार." मला इतका आनंद झाला होता, बाबा, की पुढच्या प्रभुभोजनाला मी बाळाला घेऊन साताऱ्याला आले, तुम्हाला न कळवता. बायकांच्या बाजूला मागंच बसले, तुमच्या रांगेच्या बरोबर पलीकडे.

प्याला तुमच्यापाशी आला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, डोळे मिटलेत, ओठांपर्यंत नेलात. बराच वेळ धरलात. आसपासच्या म्हाताऱ्या कौतुकानं बघत होत्या. मी तुमच्या गळ्याकडे पाहत होते. गळा हलला नाही. तुम्ही डोळे उघडलेत, प्याला परत द्यायला वळलात, आणि पलीकडच्या बाकावर मी.

तुम्ही नजर वळवली नाहीत, हे मी तुमच्या बाजूनं सांगते. तोच प्याला मग आमच्याकडे आला. मी एक घोट प्याले. बाहेर सगळे तुमच्याभोवती जमले होते. तुम्ही कुणाला तरी म्हणत होतात, "अहो, मी कोण? मी शेवटचा." तुमचा आवाज छान लागला होता. मी बाळाला काखेत घेऊन तशीच स्टँडवर गेले. वाटेत मनात आलं, पहिल्या बाकावर तरी तुम्ही खोटं बोलत नव्हतात.

त्या दिवसापासून मला तुमच्याशी एकच बोलायचं होतं. तुम्हाला का जमलं नाही, एवढंच विचारायचं होतं. जाब म्हणून नाही. तुम्ही प्रयत्न केला होतात हे मला दिसलं होतं. तुम्ही तो प्याला बराच वेळ ओठांशी धरून ठेवला होतात.

मग भर बाजारात, मंडईच्या पायऱ्यांवर तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. पडलात. तुमच्याच शाळेत शिकलेल्या हमालांनी उचलून घरी नेलं. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. तो आवाज, ज्याच्यासाठी लोक गाड्या जुंपायचे. लहानपणी तुम्ही मला स्टुलावर उभं करायचात आणि स्वतः अंगणाच्या टोकाला जाऊन बसायचात. "मागच्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे," म्हणायचात. आज मी चाळीस पोरांच्या वर्गात घसा न ताणता बोलते ते तुमचं देणं आहे. आणि तुमच्या तोंडून आता "अ... अ..." एवढंच निघत होतं. माझा संताप कुठं गेला कळलं नाही. आम्ही तुम्हाला सातारा रोड स्टेशनवर गाडीत घातलं आणि सांगलीला घरी आणलं. दुसरं घर तुम्हाला होतं कुठं?

दोन खोल्या. पुढच्या खोलीत तात्यांची खाट, तिला लागून तुमची. मी शाळेत, हे शाळेत. दिवसभर तुमच्यापाशी तात्या. त्यांच्याच तांब्यातलं पाणी ते चमच्यानं तुमच्या तोंडात सोडायचे. आता उपासाची सोय उरली नव्हती. पहिले काही दिवस तुम्ही दात आवळून धरायचात. तात्या चमचा तसाच धरून बसून राहायचे आणि तहान जिंकायची. मला वाटलं होतं तात्यांना याचं सुख होईल. झालंही असेल थोडं. माणूसच आहेत तेही.

एका संध्याकाळी मी आले तर तात्या तुम्हाला नामानाची गोष्ट सांगत होते. तुमचीच, तुमच्याच ठेक्यात, येरळेसकट. संपवून ते म्हणाले, "गुरुजी, एक इचारू? लय दिवस मनात हाय. त्या नामानाच्या घरी एक बारकी पोरगी व्हती न्हवं, लढाईत धरून आणल्याली? तिनंच सांगितलं का न्हाई, आमच्या मुलखात देवाचा माणूस हाय म्हून? नामान तर बरा झाला. त्या पोरीचं फुडं काय झालं? तिला घरला सोडली का न्हाई कुणी?"

इतक्या वर्षांत तुम्ही ती पोर दोन वाक्यांत आटपून पुढं गेला होतात. मीही कधी विचारलं नव्हतं. तात्या खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. टोमणा नव्हता तो. तुम्ही तोंड भिंतीकडे वळवलंत. तुमचा डावा खांदा हलत होता. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मी वंगाळ इचारलं का गं?"

त्यानंतर तुम्ही दात आवळले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात सांगलीचे पाळक प्रभुभोजन घरी घेऊन आले. मनुकांचा रस मी काढला होता, आईसारखा. आजाऱ्याला आधी द्यायची रीत, म्हणून त्यांनी प्याला तुमच्या तोंडाशी आणला. तुम्ही डाव्या हातानं तो दूर केलात. मला वाटलं, अजूनही? मग तुम्ही बोट केलंत. तात्यांकडे. परत परत. आधी ते, मग मी, असं तुम्हाला सांगायचं होतं.

पाळकांचा चेहरा उजळला. त्यांनी प्याला तात्यांकडे नेला. आणि तात्यांनी घेतला नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "गुरुजी, आवं, मी आधी घेतला तर उद्या मंडळी म्हणंल, बघा गुरुजी केवढं मोठं मन. मी मागनं घेतला तरी तुमी मोठं. म्हंजी मी कसाबी प्यालो तरी मोठं तुमीच. मला त्यात वढू नगा. मला नुसती तान लागलीया परभूची."

पाळक प्याला घेऊन मध्येच उभे. ह्यांनी खाली मान घातली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचं तोंड अर्धं उघडं होतं, आणि त्या तोंडावर काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. गुरुजी नाही, पाटील नाही, शेवटच्या बाकावरचा माणूसही नाही. तुम्ही डावा हात तात्यांच्या दिशेनं पसरलात. आता बोट नव्हतं त्यात, तळवा होता. काहीतरी मागणारा. तात्यांना ते माझ्याआधी कळलं. ते उठले, तुमच्या मानेखाली हात घालून त्यांनी तुम्हाला आपल्या छातीशी टेकवलं आणि पाळकांना म्हणाले, "द्या हिकडं. एकल्याला न्हाई जमायचं त्यास्नी." प्याला त्यांनीच धरला. एक घोट त्यांनी घेतला की आधी तुम्हाला दिला, हे मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, बाबा, आणि ह्यांनाही आठवत नाही. मी त्या वेळी फक्त तुमचा गळा पाहत होते.

तो हलला.

मग तुम्ही गेलात. माझ्या लग्नाविषयी खूण नाही, ह्यांच्या डोक्यावर हात नाही, मला काही नाही. मी शेवटपर्यंत उशाशी बसून वाट पाहिली. तुमचे डोळे माझ्यावर होते, पण त्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. तुम्ही मला सगळं वाचायला शिकवलंत आणि हे राहून गेलं. याबद्दल मी तुमच्यावर रागावलेलीच आहे. बहुधा राहीन. तुम्ही एक शब्द आधी बोलायला हवा होतात, वाचा होती तेव्हा.

काल ते सगळे म्हणाले, गुरुजी जन्मभर नम्र होते, आणि मी गप्प बसले. तुम्ही नव्हतात. जन्मभर देवापुढं ताठ उभे राहून तुम्ही इतरांना वाकायला शिकवलंत. तुम्हाला वाकलेलं मी पाहिलं ते एका घोटापुरतं. त्यातलाही बराचसा तुमच्या लुळ्या पडलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळला, आणि तात्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं तुमची हनुवटी पुसली.

त्या उशीच्या खोळीवर तांबूस डाग पडलाय. तात्या दोनतीनदा म्हणाले, "सूनबाई, धुवून टाक की ती. वास मारंल." मी हो म्हणते, आणि बादलीपाशी जाऊन परत येते.